मराठवाड्याच्या रेडिओवरचा सप्टेंबर

17 सप्टेंबर 1948 च्या संध्याकाळी हैदराबादच्या रेडिओवर खुद्द निजाम मीर उस्मान अली खान बोलले. लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आहे आणि आपण फौजेला लढाई थांबवायला सांगितलं आहे, असं त्यांनी इंग्रजीतून जाहीर केलं. भारत सरकारचे हैदराबादेतले एजंट जनरल कन्हय्यालाल मुन्शी हेही त्याच संध्याकाळी रेडिओवर बोलले. निजामी फौजेचे प्रमुख अल इद्रूस मेजर जनरल जे. एन. चौधरींना रीतसर शरण गेले ते दुसऱ्या दिवशी, 18 तारखेला. म्हणजे निजामाने हार मानली ती आधी रेडिओवर, मैदानावर नंतर.

ही बातमी ज्यांच्या जिवाची होती त्या आमच्या मन्याडखोऱ्यात त्या संध्याकाळी ती कुणी ऐकलीच नाही. गावात रेडिओ नव्हता. असता तरी इंग्रजी कुणाला कळणार होतं? आमचे अण्णा तेव्हा कंधारला मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत शिकत होते. ते सांगायचे, नांदेडहून आलेल्या मोटारीच्या क्लीनरने टपावरून ओरडून सांगितलं तेव्हा गावाला कळलं, आणि तरीही रात्रभर कुणी दार उघडलं नाही. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद स्वयंसेवकांचा, धसका इतका होता. कासीम रझवी हा त्यांचा म्होरक्या वकिली करायचा लातूरला, आणि त्याची भाषणं लोकांच्या कानात ताजी होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं आणि सवड मिळेल तसं आकाशवाणीसाठी नैमित्तिक काम केलं. रूपकं लिहिली, मुलाखती घेतल्या, अडीनडीला निवेदनही केलं. त्या उमेदवारीत एक गोष्ट लक्षात आली. आमच्या भागातला रेडिओ बोलायला शिकला तो मुख्यतः सप्टेंबर महिन्यात. बाकीचे अकरा महिने तो बातम्या, बाजारभाव, भावगीतं आणि पुण्या-मुंबईकडचे कार्यक्रम वाजवायचा. सप्टेंबरात त्याला आमच्याकडे यावंच लागायचं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. हैदराबादेत रेडिओ सुरू झाला तो एका हौशी माणसाच्या खटपटीतून. 1933 च्या सुमारास महबूब अली नावाच्या गृहस्थांनी चिराग अली गल्लीत 200 वॅटचं छोटं प्रक्षेपण केंद्र चालू केलं. 1935 साली निजाम सरकारने ते ताब्यात घेतलं. पुढे त्याला डेक्कन रेडिओ म्हणू लागले. भाषा प्रामुख्याने उर्दू. तेलुगू, मराठी, कानडीच्या वाट्याला थोडा वेळ. संस्थानात मराठी बोलणारे लाखांनी होते, पण कचेरी उर्दूची, वरच्या इयत्ता उर्दूच्या, उस्मानिया विद्यापीठ उर्दूचं. रेडिओही त्याच माळेतला. औरंगाबादलाही निजामाच्या काळात एक छोटं केंद्र होतं. 1 एप्रिल 1950 रोजी आकाशवाणीने हैदराबादबरोबर तेही घेतलं आणि काही वर्षांतच बंद करून टाकलं. मराठवाड्याच्या भूमीवर मग बराच काळ एकही केंद्र उरलं नाही.

नेमका हाच काळ मराठी रेडिओच्या वैभवाचा. 2 ऑक्टोबर 1953 ला पुणे केंद्र निघालं. 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर तिथून गीतरामायण चाललं, गदिमांची 56 गीतं आणि सुधीर फडक्यांचं संगीत. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतामंडळं चालवून पाहिली. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. ते पाच जिल्हे होते पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. आमचं नाव त्यात असायचं कारणच नव्हतं. आम्ही तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. द्विभाषिक मुंबई राज्यात आलो ते त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला, सहा महिने उशिरा. मराठवाड्याच्या मागासलेपणाबद्दल खूप लिहिलं जातं, त्यात पाणी, रेल्वे, शिक्षण येतं. स्वतःचा आवाज ऐकायला मिळण्यातला उशीर त्या यादीत कुणी धरत नाही. मी धरतो.

परभणीला आकाशवाणी केंद्र आलं 1968 साली. मध्यम लहर, 1305 किलोहर्ट्झ. परभणी, नांदेड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचा लातूरकडचा भाग (लातूर जिल्हा झाला 1982 मध्ये) यांना पहिल्यांदाच आपल्या जवळचं काही ऐकू येऊ लागलं. दिवसा आवाज स्वच्छ. रात्री मध्यम लहरीवर दूरदूरची केंद्रं घुसायची आणि कीर्तनाच्या मागे कुठलं तरी अनोळखी गाणं ऐकू यायचं. रेडिओला पोस्टातून परवाना लागायचा, वर्षाला पंधरा रुपये. तिकिटं चिकटवलेलं ते पुस्तक आमच्या घरी सातबाराच्या पिशवीतच ठेवलेलं असे. 1980 च्या दशकाच्या मध्यात ही भानगड संपली.

पण केंद्र जवळ आलं म्हणून बोली जवळ आली असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत परभणीचा निवेदकही पुण्याच्या निवेदकासारखंच बोलायचा. यात कुणाला दोष द्यावा असं नाही. शुद्ध म्हणजे काय याचं वळण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं, माझ्याही. शाळेत मी पोरांचं 'करालो', 'जायलो' खोडून 'करतो आहे', 'जातो आहे' करत असे. रेडिओवर बोलायला येणारा माणूस चांगलं धोतर नेसून यायचा आणि तितकंच इस्त्रीचं मराठी बोलायचा.

सप्टेंबरने हे मोडलं. कसं, ते त्या महिन्याच्या आखणीवरून कळतं.

रेडिओचं काम तिमाहीवर चालतं. जुलै ते सप्टेंबरचं वेळापत्रक जूनमध्ये ठरायचं. सप्टेंबरचं पान उघडलं की ते आपोआप भरत जायचं. श्रावण सरताना पोळा, म्हणून बैलांची गाणी. भाद्रपदात गणपती, आणि त्यात आमच्याकडच्या महालक्ष्म्या. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. मुखवटे, कोठ्या, सोळा भाज्या, आंबील आणि रात्रभर बायकांची गाणी. 5 तारखेला शिक्षक दिन. 7 तारखेला बी. रघुनाथांचा स्मृतिदिन. परभणीचा हा कवी आणि कादंबरीकार निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करता करता लिहीत राहिला आणि 1953 साली कचेरीतच गेला, वयाच्या चाळिशीत. 14 तारखेला हिंदी दिवस. आणि 17 तारीख, मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी सकाळी औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) मुख्यमंत्री झेंडा फडकवतात, त्याचं भाषण आणि वृत्तांत. पण 17 ची तयारी 1 तारखेपासून. स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखती, शाहिरी, रूपक, कविसंमेलन, एखादं व्याख्यान. व्याख्यानासाठी संदर्भ शोधायचे तर दोन पुस्तकं हमखास टेबलावर असत: नरहर कुरुंदकरांचं 'हैदराबाद: विमोचन आणि विसर्जन' आणि अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'.

आता गंमत पाहा. एवढं सगळं भरायचं तर स्टुडिओत बसून भागत नाही. महालक्ष्म्यांची गाणी म्हणणारी बाई परभणीच्या स्टुडिओत येऊन आवाजचाचणी देणार नाही. निजामाविरुद्ध लढणाऱ्या किसान दलात बंदूक चालवलेला उदगीरकडचा म्हातारा संहिता वाचणार नाही. मग यंत्र घेऊन गावोगाव जाणं आलं. ते यंत्र म्हणजे उहेर, जर्मन बनावटीचा, खांद्याला अडकवायचा ध्वनिमुद्रक. पाच इंची स्पूल, जाड सेल, एका स्पूलवर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं.

कंधार तालुक्यातल्या एका गावात ओव्या मुद्रित करायला गेलो होतो ते सांगतो. मावशी सत्तरीच्या पुढच्या. अंगणात घोंगडी टाकली, उहेर मांडला, माईक समोर धरला. मावशी गप्प. एक ओवी अर्धी म्हटली आणि थांबल्या. पुढची आठवेना. माझ्याबरोबरचे कार्यक्रम अधिकारी म्हणाले, "मावशी, घाबरू नका, घरात म्हणता तसंच म्हणा." मावशी म्हणाल्या, "घाबरती कशाला? रिकाम्या हातानं कसं सुचंल बाबा? जातं आणा की." जातं सोप्यातून ओढून आणलं. ते फरशीवर ठेवलं तर नुसता घरघराट मुद्रित होणार, म्हणून खाली पोतं चौघडी करून घातलं. पाळूत ज्वारीची मूठ पडली, खुंट्याला हात लागला आणि मावशी सुरू झाल्या. भाऊ झाला, लेकीचं सासर झालं, माहूरची रेणुकाई झाली. मग अचानक रझाकार आले. त्यांनी घर जाळलं, धाकटा दीर बारूळच्या वाटेने पळाला, मिलिटरी आली, हे सगळं ओवीच्याच चालीत. हे त्यांनी कुणाकडून ऐकलेलं नव्हतं, स्वतः रचलेलं होतं. स्पूल संपलं तरी जातं थांबलं नाही. दुसरं स्पूल चढवेपर्यंत चार-पाच ओव्या हवेत गेल्या. आम्ही परत म्हणायला सांगितल्या, तर वेगळ्याच आल्या.

लढ्यातल्या पुरुषांचंही असंच. उमरीकडच्या एका आप्पांना आम्ही संहिता लिहून दिली होती. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला जानेवारी 1948 मध्ये स्टेट काँग्रेसच्या लोकांनी बँक लुटली, त्या रकमेचा हिशेब पुढे चोख दिला, हे मराठवाड्यात पोरासोरांना ठाऊक आहे. आप्पा त्या आसपासच्या हालचालींत होते. कागद हातात घेऊन ते वाचू लागले: "आम्ही सर्व क्रांतिकारक मातृभूमीच्या मुक्तीसाठी सज्ज झालो." आवाज शाळेच्या स्नेहसंमेलनातला. पानं संपली, चहा आला, यंत्र चालूच राहिलं होतं. आणि आप्पा म्हणाले, "तवा आमच्यापाशी बंदूक एकच होती. ती बी चालती का न्हाई, कुणाला म्हाईत? उडवून बघावं तर गोळ्या कमी." पुढचा अर्धा तास त्यांनी रात्रीच्या वाटा, उमरखेडचा सरहद्दीवरचा कॅम्प, भाकरी कोण द्यायचं, कोण देऊन दुसऱ्या दिवशी पोलिसांना सांगायचं, पोलीस पाटलाशी उर्दूत कसं बोलायचं, असं सांगितलं. प्रसारणासाठी आम्ही लिहिलेली पानं काढून टाकली आणि हा अर्धा तास ठेवला. तो कार्यक्रम लागला तेव्हा आमच्या गावातले लोक पारावर रेडिओ ठेवून ऐकत होते. एकाने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "गुरुजी, काल रेडिओत आपलाच माणूस बोलायला होता की." त्याआधी इतकी वर्षं रेडिओ ऐकूनही असं त्याला वाटलेलं नव्हतं. त्या वर्षापासून मी वर्गात 'करालो' खोडणं सोडलं.

पुढे पुढे ही रीतच पडली. बिलोलीजवळ अर्जापूरच्या वाटेवर 1946 च्या ऑक्टोबरात मुक्तिलढ्यातले गोविंदराव पानसरे मारले गेले. पुस्तकांतून त्यांच्याविषयी वाचायला मिळतं, पण त्या गावात बसून म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकिगत वेगळी. उदगीरच्या हत्तीबेटाच्या परिसरात अप्पाराव पाटलांच्या किसान दलाने ठाणं मांडलं होतं, रामघाटला चकमक झाली. तिकडचे लोक बोलू लागले की मराठी, कानडी आणि उर्दू एकाच वाक्यात येते. ते 'शुद्ध' करायला गेलं तर काहीच उरत नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या निमित्ताने एकदा हे मान्य झालं, मग गोंधळी, आराधी, वासुदेव, माळेगावच्या खंडोबाचे वाघ्या-मुरळी, भीमगीतं गाणारी मंडळं यांनाही तसंच घेता येऊ लागलं. गोंधळाला स्टुडिओत बसवून सात मिनिटांत आटपा म्हणणं हळूहळू कमी झालं.

नांदेडला स्वतःचं केंद्र मिळालं ते 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, एफएमवर, 101.1 मेगाहर्ट्झ. आकाशवाणीने 1984 साली तमिळनाडूत नागरकोइलला पहिलं स्थानिक केंद्र काढलं, त्याच धोरणातलं हे पुढचं पाऊल. स्थानिक केंद्राची कल्पनाच अशी, की जिल्ह्यातल्या लोकांनी जिल्ह्यातल्या लोकांशी बोलावं. फायदा मोठा झाला, एक तोटाही झाला. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगराआड दबते. बालाघाटच्या माथ्यावर अहमदपूरला नांदेड कसंबसं लागायचं, खोऱ्यातल्या वाडीला लागायचं नाही. लातूर शहर तर टप्प्याबाहेरच. त्यामुळे लातूरकडच्या लोकांची परभणीच्या मध्यम लहरीशी सोयरीक कायम राहिली. नांदेडच्या रेडिओवर मात्र शहराचं खरं रूप आलं: गुरुद्वाऱ्याचं शबद-कीर्तन, दखनी उर्दूतले शायर, तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूर-बिलोलीचे तेलुगू वळणाचे मराठी बोलणारे शेतकरी. निजामाचं राज्य गेलं, पण त्या राज्याने एकत्र आणलेली माणसं इथेच राहिली. मुक्तिसंग्रामाच्या कार्यक्रमांत हे भान ठेवणं सोपं नसतं. रझाकारांचा जुलूम सांगताना शेजारच्या मुसलमान घराने लपवून ठेवल्याची हकिगत जवळजवळ प्रत्येक गावात कुणीतरी सांगायचं. ती कापायची नाही, हा आमचा नियम होता.

1993 नंतर सप्टेंबरचा शेवट बदलला. 30 तारखेला पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. तेव्हा फोन तालुक्यालाही धड लागत नव्हते. कुठल्या गावाला काय झालं हे कळायला लोकांना रेडिओच होता. पुढच्या वर्षापासून आमच्या सप्टेंबरच्या यादीत 30 तारीख आली. महिना सुरू व्हायचा महालक्ष्म्यांच्या गाण्याने, मध्यावर झेंडा, शेवटी श्रद्धांजली. किल्लारीकडच्या बायांनी नंतर भूकंपावरही ओव्या केल्या.

आता हिशेबाचं बोलतो. हे सगळं मुद्रण गेलं कुठे? टेप महाग होती आणि मोजकी मिळायची. कार्यक्रम लागून गेला की स्पूल पुसून त्यावर पुढचा कार्यक्रम घ्यायचा, ही त्या काळी सगळीकडची रीत. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही आपले कितीतरी कार्यक्रम असेच पुसले. संग्रहात ठेवण्याजोगं म्हणून जे निवडलं गेलं ते बहुधा मोठ्या गवयाचं गाणं किंवा पुढाऱ्याचं भाषण. जात्यावरच्या मावशीचं स्पूल कुणाच्या नजरेत 'जपून ठेवा' या शिक्क्याचं नव्हतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी म्हटलेल्याही आहेत. आज त्यातल्या कितीतरी कुणालाही ऐकता येतात. असं काम होऊ शकतं याचा तो पुरावा आहे. आमच्याकडे यंत्र होतं, माणसं होती, दरवर्षीचा महिना ठरलेला होता. कमी पडला तो विचार, की आज वाजवलेलं उद्याही कुणाला लागेल.

मुक्तिसंग्रामाचं पंचाहत्तरावं वर्ष 2023 मध्ये सरलं. 1948 मध्ये विशीत असलेला माणूस आज हयात असेल तर शंभरीच्या घरात आहे. नव्याने विचारावं असं आता फारसं कुणी उरलेलं नाही. जे आहे ते घरोघरच्या कपाटात. कार्यक्रम लागणार म्हणून पोराने टेपरेकॉर्डर रेडिओला लावून घेतलेल्या कॅसेट मराठवाड्यात पुष्कळ आहेत. माझ्याकडे आहेत, तुमच्या आजोबांच्या पेटीतही असतील. पट्टीला बुरशी धरते, कॅसेट चिकटते, म्हणून वाट पाहू नका. एकदा संगणकावर उतरवून घ्या. सोबत तीन गोष्टी लिहा: बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि साधारण साल. एक प्रत घरी ठेवा, एक स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या किंवा आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात द्या. आणि आकाशवाणीत आज काम करणाऱ्या तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे, की येत्या सप्टेंबरात संहिता वाचून झाली, चहा आला, तरी यंत्र बंद करू नका.